काकांच्या शेजारची भट्टी

हे लिहायचं नाही, असंच त्याने ठरवलं होतं. आपली फजिती आपणच चव्हाट्यावर मांडायची म्हणजे हौसेने पायावर धोंडा पाडून घेणं. दोनदा मोबाईलवर चार ओळी बडवल्या, दोनदा पुसल्या. तिसऱ्यांदा वाटलं, जाऊ दे, पोटात ठेवलं तर अजीर्ण होईल. तर घ्या, जसं झालं तसं.

त्याला सगळे बटण्या म्हणतात. वय तेवीस. हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका लाँड्रीत कामाला. चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे शर्ट. वाफेच्या इस्त्रीखाली कापड सरकवायचं, पाय दाबायचा, वाफ फुस्स, पुढचं कापड. सकाळी सहा ते दुपारी दोन, रोज तेच. तिथला सुपरवायझर म्हणजे त्याचा सख्खा मामा. त्यामुळे कामावर मामाच्या शिव्या आणि घरी आईच्या तोंडून त्याच शिव्यांची उजळणी.

धुताना शर्टांची बटणं तुटतात. ती कोणाला नको असतात. बटण्याने ती दोन वर्षं गोळा केली, चांगली दोन किलो भरतील. कशाला? तर कढईत घालून उडवायला.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते लंब्यामुळे. लंब्या हा शाळेपासूनचा दोस्त, सव्वासहा फूट, दारातून जाताना सवयीने वाकणारा. तो चिनी गल्लीत एका गाळ्यावर भाज्या कापायला लागला होता. म्हणाला, "ये एकदा, फुकट खायला घालतो." फुकट म्हटल्यावर बटण्या गेला.

गल्ली जेमतेम दीडशे पावलांची. दोन्ही बाजूंना गाळे, वर विजेच्या तारांचा गुंता, खाली कायम ओली फरशी. एका गाळ्यात बांबूच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या, झाकण उचललं की वाफेचा ढग आणि आत पांढरे डंपलिंग अंगाला अंग लावून बसलेले. पुढच्या गाळ्यात एक जाडा माणूस कणकेचा गोळा हवेत ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा, आणि बघता बघता त्याच्या हातात केसांसारख्या नूडल्स. तिसऱ्यात काडीला टोचलेली फळं साखरेच्या पाकात बुडवत होते. लोक उभ्याने खात होते, चालताना खात होते, तोंड भाजत होतं तरी थांबत नव्हते. कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही.

बटण्याचे पाय थांबले ते लंब्याच्या गाळ्यापुढे. तिथे शेजारी शेजारी दोन भट्ट्या. घरचा गॅस नव्हे, खालून पंखा हवा मारतो आणि आग बसच्या इंजिनसारखी घरघरते. त्यातल्या एका भट्टीवर काका. काकांचे आजोबा कधीतरी बोटीने इथे आले, काका मात्र याच गल्लीत जन्मले, याच गल्लीत म्हातारे झाले. घरात म्हणे चिनी बोलतात, पण शिव्या देतात त्या अस्सल आपल्या, तालासुरात. एका हातात कढई, दुसऱ्या हातात पळी. कढई पुढे गेली, मागे आली, आणि अख्खा भात हवेत उठला, आगीतून गेला, वळला आणि परत कढईत येऊन बसला. एक दाणा बाहेर नाही. बटण्याच्या हातातली प्लेट गार झाली. त्याने खाल्लंच नाही.

त्या दिवसापासून दर रविवारी तो तिथे. काउंटरच्या पुढ्यात, कोपऱ्यातल्या स्टुलावर, काकांच्या अगदी समोर. एक प्लेट मागवायची आणि दोन तास बसायचं. मोबाईलवर काकांचे व्हिडिओ काढायचे. घरी आला की मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायचा, आईची लोखंडी कढई घ्यायची, त्यात बटणं ओतायची आणि व्हिडिओतल्या काकांसमोर उभं राहून ते करतील तसं करायचं. काका हलले की हा हलायचा. काकांचा हात वर गेला की याचा वर.

सुरुवातीला बटणं घरभर. कपाटाखाली, चपलेत, एकदा तर आमटीत. आई कपाळावर हात मारायची. "लोकांच्या घरात पोरं रांगतात, माझ्या घरात बटणं रांगतायत!" धाकटी बहीण शेजारणीला सांगायची, "काकू, आज आमच्याकडे बटणांची परतलेली भाजी आहे, येता?" पण सहा महिन्यांत बटणं बाहेर पडायची थांबली. वर्षभरात ती अशी वळायला लागली की आई पोळ्या लाटता लाटता बघत राहायची. मग त्याने बटणं सोडून भात घेतला, नूडल्स घेतल्या. घरच्या गॅसवर जमेल तेवढं केलं. चव यायला लागली.

आणि मग काकांच्या शेजारच्या भट्टीवरचा माणूस गेला. स्वतःचा गाळा टाकायला गेला, तोही दुसऱ्या शहरात. भट्टी रिकामी झाली. लंब्याने काकांकडे शब्द टाकला, "माझा एक दोस्त आहे. हात बघाल तर बघतच राहाल."

काका म्हणाले, "बघू. गुरुवारी चारला पाठव. एक संध्याकाळ उभा राहू दे."

एक संध्याकाळ. जमलं तर मामाची लाँड्री सुटली. नाही जमलं तर चादर, पाय, फुस्स, पुढची चादर, मरेपर्यंत.

गुरुवारी बटण्याच्या पायाला भिंगरी लागली होती. दोनला सुटला, घरी गेला, आंघोळ केली. "दोस्ताची दाढ काढायचीय, सोबत चाललोय," असं आईला सांगितलं आणि तीनलाच गल्लीत हजर. गल्लीच्या तीन चकरा मारल्या. नूडल्सवाल्याने ओळखून हाक मारली, "काय, आज रविवार आहे का?" हा नुसता हसला. हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले. मोबाईल बघितला. तीन वाजून बारा. तीन वाजून चौदा.

चारला लंब्याने त्याला मागच्या दाराने आत घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो काउंटरच्या आतल्या बाजूला आला. सगळं ओळखीचं आणि काहीच ओळखीचं नाही. स्टुलावरून जे मोठं वाटायचं ते आत वीतभर. दोन भट्ट्यांमध्ये एक माणूस आडवाही मावणार नाही एवढीच जागा.

"घाम कसला येतोय? अजून पेटवली पण नाही," लंब्या म्हणाला.

"तू गप बस."

"मी कुठे काय म्हणतोय? फक्त माझं नाक कापू नकोस. एकच आहे, आणि ते पण तुझ्यापेक्षा बरं."

काउंटरला काकू. बारीक, ताठ, केस घट्ट बांधलेले. त्या काउंटरवर गिऱ्हाइकांची ऑर्डर घ्यायच्या, मग वळून भट्टीकडे तोंड करून ओरडायच्या, आणि या सगळ्यात त्यांच्या बोटांखाली डंपलिंग आपोआप मिटत जायचे, न बघता. त्यांनी बटण्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हाच का? हा तर स्टूल अडवणारा."

"तोच," लंब्या म्हणाला.

काका आले. भात, अंडं, कांद्याची पात पुढे सरकवली आणि हनुवटीने भट्टी दाखवली. लंब्याने गॅस सोडायला हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला. काकांनीच पेटवली. भप्प! आग उभी राहिली.

बटण्याने कढई धरली. घरच्यापेक्षा हलकी. तेल, अंडं, भात. एकदा हात लागला आणि सगळी धाकधूक कुठल्या कुठे गेली. भात उठला, आगीतून गेला, वळला, बसला. पुन्हा उठला. लंब्याची सुरी थांबली होती. काकूंची बोटंसुद्धा थांबली होती.

काकांनी चमचाभर खाल्लं. चघळलं. मग बटण्याच्या हातांकडे बघितलं. "डावखुरा आहेस?"

बटण्याने आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या हातात कढई, डाव्या हातात पळी. यात विचारण्यासारखं काय आहे, तेच त्याला कळेना. जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने. पण काका भुवया चढवून उभे होते, आणि नको तिथे तोंड उघडून आलेली संधी घालवायची नव्हती.

"हो," तो म्हणाला.

लंब्याने चमकून वर बघितलं. दहा वर्षं एका बाकावर बसलेला माणूस. पण त्याने पुन्हा सुरी चालवायला घेतली.

"बरं," काका म्हणाले. "मागे एक डावरा होता माझ्याकडे. वेंधळा होता. तुझं बघू. मीठ-मसाल्याचे डबे प्रत्येकाच्या उजव्या हाताला. आग कमीजास्त करायची दांडी गुडघ्याशी, उजव्या. माझ्या डब्यात हात घालायचा नाही. सहाला गर्दी सुरू होते."

सहाला गर्दी सुरू झाली नाही, ती कोसळली. ऑफिसं सुटली. काउंटरपुढे डोकीच डोकी. काकू ओरडल्या, "दोन भात, एक नूडल्स, तिखट! तीन नूडल्स, एकात अंडं नको!" काका डाव्या भट्टीवर, बटण्या त्यांच्या उजव्या अंगाला. पहिल्या चार प्लेटा गेल्या. पाचवीला त्याने मिठासाठी हात टाकला आणि तो सवयीने गेला डावीकडे, थेट काकांच्या डब्यात. टण्ण! पळीवर पळी आपटली.

"माझा डबा!"

"चुकलं काका."

पुढच्या वेळी त्याने लक्षात ठेवून आपल्या उजवीकडच्या डब्याकडे हात नेला. पण पळी डाव्या हातात. म्हणजे हात पेटत्या कढईवरून पलीकडे न्यायचा. एकदा नेला, केस जळल्याचा वास आला. दुसऱ्यांदा नेला, तोवर भात खाली लागला. घरी सगळं डावीकडे असायचं. मोबाईलमधल्या काकांचे डबे त्याला डावीकडेच दिसायचे, म्हणून त्यानेही डावीकडेच मांडले होते.

मग कोपरं. काकांचं उजवं कोपर आणि याचं डावं कोपर, दोन्ही मधल्या वीतभर जागेत. एक आत आलं की दुसरं धडकायचं. काकांच्या पळीतला सॉस त्यांच्याच पायावर सांडला. काकांनी एक शिवी हासडली, तिच्यात बटण्याच्या तीन पिढ्या आल्या.

आणि मग ती दुसरीच भानगड सुरू झाली. काकांची आग जायला लागली.

म्हणजे विझायची नाही, पण घरघरता घरघरता एकदम बसायची, निळी, मिणमिणती, समईएवढी. काका गुडघ्याने दांडी ढकलायचे, आग वर यायची. दोन मिनिटांनी पुन्हा खाली. "सिलिंडर संपला!" काका ओरडले. लंब्याने धावत जाऊन सिलिंडर बदलला. आग चढली. पुन्हा बसली. "नळीत कचरा अडकलाय!" लंब्याने नळी झटकली. पुन्हा बसली. "पंखा बघ! वायर बघ!" लंब्या बिचारा खाली वाकून, वर उठून, डोकं आपटून घामाघूम. बाहेर लोक कुरकुरायला लागले. "अहो, अर्धा तास झाला!" "कच्चंच द्या, घरी शिजवतो!"

बटण्याला मनातल्या मनात वाटलं, बरं झालं, काकांच्या भट्टीचाच घोळ आहे, माझ्या चुका झाकल्या जातील. हे असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगायचं. त्याने आणखी जोर लावला. पाय फाकवून, डावा पाय बाहेर टाकून, कंबरेतून दणदणीत कढई मारली. आणि काकांची आग पुन्हा बसली.

"थांबा!" काकू ओरडल्या.

डंपलिंग टाकून त्या काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. बघत होत्या भट्ट्यांच्या खाली. "तू. पुन्हा उडव."

बटण्याने कढई मारली. आग बसली.

"पुन्हा."

पुन्हा बसली.

"त्याचा गुडघा," काकू म्हणाल्या. "हा उडवतो तेव्हा डावा गुडघा बाहेर येतो आणि तुमच्या दांडीला लागतो. तुम्ही वर ढकलता, हा खाली ढकलतो. सिलिंडर कसला बदलताय!"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. लंब्या तसाच उकिडवा बसलेला, हातात नळी. बटण्याच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं. पण खाली फरशी होती.

काकांनी शिवीसुद्धा दिली नाही, तेच जास्त वाईट. त्यांनी गॅस कमी केला, फडक्याने हात पुसले. "डावखुरे सगळे असेच," एवढंच म्हणाले.

"पण तो डावखुरा नाहीये," लंब्याच्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि त्याने जीभ चावली.

काकूंनी बटण्याकडे बघितलं. "खरं?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "नाही. मी उजवाच आहे. मगाशी घाबरून हो म्हणालो."

"मग पळी डाव्या हातात का?"

"काका धरतात तशीच धरली ना."

"काका डाव्या हातात धरतात?"

बटण्याने शेजारी बघितलं. काकांच्या उजव्या हातात पळी. डाव्या हातात कढई. दोन वर्षं ज्या माणसाला डोळ्यांत तेल घालून बघितलं, त्याला आज पहिल्यांदा तो शेजारून बघत होता. त्याने मोबाईल काढला, एक व्हिडिओ लावून काकूंपुढे धरला. "असं. हे बघून शिकलो. समोर ठेवून."

काकूंनी व्हिडिओ बघितला. मग त्या हसल्या. वाईट नाही, पण पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे, तू गिऱ्हाइकाच्या बाजूने शिकलास! स्टुलावर बसून!" त्या काकांकडे वळल्या. "हा तुमचा आरसा आहे. अख्खा. ते गुडघे फाकवणंसुद्धा तुमचंच, फक्त उलटं."

काका मात्र हसले नाहीत. ते व्हिडिओ बघत होते. स्वतःला असं समोरून त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नसावं.

"आम्ही शेजारी उभं राहून शिकलो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "सासूबाईंच्या शेजारी. समोर उभं राहिलं की त्या लाटणंच उगारायच्या."

बटण्याच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. "काका, मग आपण जागा बदलू. मी डाव्या भट्टीवर, तुम्ही उजव्या. मग कोपरं बाहेर जातील, कढया मध्ये येतील. धक्काच लागणार नाही. एकदा बघा तरी!"

लंब्यानेही मान डोलवली. हिशोब बरोबर होता. रांगेतला एक चष्मेवाला म्हणाला, "बरोबर बोलतोय पोरगा." काकांनी रांगेकडे एक नजर टाकली, बटण्याकडे एक, आणि जागा बदलली.

पहिली ऑर्डर, नूडल्स. काकांनी उजवीकडच्या भट्टीवर कढई ठेवली. न बघता मिठाला हात घातला, तिथे साखर. आधीच्या माणसाने त्याच्या सोयीने लावलेले डबे. गुडघा दांडीला लावायला गेले, दांडी चार बोटं पुढे. पाण्याचा नळ तिरका. काका थांबले, डबे शोधले, मीठ घातलं, पुढे काहीतरी घातलं, आणि विसरून पुन्हा मीठ घातलं. तीस वर्षं डोळे मिटून स्वयंपाक करणारा माणूस हातातल्या पळीकडे बघत उभा राहिला, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे. प्लेट बाहेर गेली आणि तशीच परत आली. "खारट आहे हो."

बटण्याला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं. काकांनी ती प्लेट स्वतः खाल्ली, दोन घास, आणि कचऱ्यात टाकली.

"माझी जागा," ते म्हणाले. बटण्या बाजूला झाला.

साडेसातपर्यंत काकांनी एकट्याने रांग संपवली. बटण्या कांद्याची पात निवडत बसला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. काकू मधून मधून हाक मारून त्याला प्लेटा पुसायला सांगत होत्या. तो पुसत होता, पुसलेल्या पुन्हा पुसत होता. पाय एका जागी ठरेनात. निघून जावं? विचारावं? लाँड्रीतली सकाळची चादर डोळ्यापुढे दिसत होती, पांढरी, संपणारच नाही अशी.

गर्दी ओसरल्यावर काका त्याच्यापुढे येऊन बसले. पहिल्यांदाच बसले.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. माझ्या वयाच्या लोकांनाही असं उडवता येत नाही. पण माझ्या शेजारी तू उभा राहिलास तर एक दिवस दोघंही भाजू. मी या वयात उलटा होणार नाही. व्हायचं असेल तर तू हो."

"होतो ना! उद्यापासून..."

"उद्यापासून नाही. हाताला शिकवलेलं काढायला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. तीन महिन्यांनी ये. पळी उजव्या हातात असेल आणि मला मागून बघितल्यावर माझाच भाऊ वाटलास, तर ही भट्टी तुझी."

"आणि तोवर?"

काकांनी वळून बघितलं. लंब्या सुऱ्या धूत होता. "तोवर हा उभा राहील. तीन वर्षं कापतोय, सगळं बघितलंय त्याने. शेजारून बघितलंय."

लंब्याच्या हातातली सुरी बेसिनमध्ये पडली.

दहा मिनिटांनी दोघं मागच्या बोळात, रिकाम्या तेलाच्या डब्यांवर बसलेले. काकूंनी दोघांना वाटीभर सूप दिलं होतं. बटण्याने तोंडही लावलं नव्हतं. त्याला राग यायला लागला होता, आणि कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून समोर होता त्याच्यावर निघाला.

"मजा आहे बाबा तुझी. मी बटणं उडवून उडवून मनगटं मोडली, आणि भट्टी तुला."

लंब्या वाटीतलं सूप ढवळत राहिला.

"बोल ना. तुला हवीच होती ना ती? म्हणून मी डावखुरा नाही असं सगळ्यांसमोर..."

"गाढवा," लंब्या म्हणाला. "मला ती भट्टी हवी असती तर मी तुझं नाव पुढे केलं असतं का? तीन वर्षं काका मला म्हणतायत, उभा रहा, उभा रहा. मी काहीतरी सांगून टाळतोय. कधी पाठ, कधी उंची. म्हणे वाकावं लागतं. तो जुना माणूस गेला तेव्हा रात्रभर झोप नाही लागली मला. म्हटलं आता माझी पाळी. मग तू आठवलास."

"पण का? तुला काय येत नाही?"

लंब्याने वाटी खाली ठेवली. शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकचकीत, सुरकुतलेली, जुनी. बटण्याने दोन वर्षांत ती कधी बघितली नव्हती. लंब्या कायम लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, आणि याला वाटायचं, स्टाईल आहे.

"पहिल्याच महिन्यात. काका बाजारात गेले होते. मी पेटवायला गेलो. गॅस आधी सोडला, काडी सापडेना. काडी सापडली तोवर..." त्याने दोन्ही हातांनी नुसतं वर दाखवलं. "भुवया पण गेल्या होत्या. तुला सांगितलं होतं ना, काकांनाही, पैज हरून काढल्या म्हणून? खोटं होतं. शिजवायला मी घाबरत नाही रे. एकदा पेटलेली असली की काही नाही. पण ते पेटवणं. तो आवाज. मगाशी पण बघितलंस ना, हात अर्ध्यातूनच मागे आला माझा. आणि उद्या काका चारला बाजारात असणार, काकू काउंटरवर, आणि पेटवायची मीच."

बटण्याने त्याच्याकडे बघितलं. सव्वासहा फुटांचा माणूस तेलाच्या डब्यावर घडी घालून बसला होता. गुडघे छातीशी.

"मग सांग ना काकांना."

"तीन वर्षांनी? कुठल्या तोंडाने? आणि सांगितलं तर ते दुसरा माणूस आणतील. मग तीन महिन्यांनी तू येऊन काय करशील? भिंतीला टेकशील?"

हे बटण्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आज दिवसभर त्याच्या डोक्यात फक्त तो आणि ती भट्टी. आत काकांच्या भट्टीची घरघर सुरू झाली, कोणीतरी उशिरा आलं असावं. लंब्याचे खांदे तेवढ्या आवाजानेसुद्धा आकसले. किती दिवस आकसत असतील, आणि आपण स्टुलावर बसून काय बघत होतो?

"किती वाजता पेटवतात रोज?" बटण्याने विचारलं.

"चार. कधी सव्वाचार."

"मी दोनला सुटतो."

"मग?"

"मग काय? पोटात काही घातलं की अडीच. इथे यायला अर्धा तास." तो बोटांवर मोजत होता, उगाचच. "आईला आज काय ते सांगतो. दाढ-बिढ काही नाही, खरंच सांगतो. मामाला कळलं तर कळलं."

"तू काय बडबडतोयस?"

बटण्या उठला. बसवत नव्हतंच. बोळात दोन पावलं पुढे गेला, दोन मागे आला आणि लंब्यासमोर उभा राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, समोरून बाजूला झाला आणि त्याच्या शेजारच्या डब्यावर येऊन बसला.

"तीन महिने. एक दिवस चुकणार नाही, ताप असो नाहीतर मामा मेलेला असो. रोज चारच्या आधी मी इथे येतो, मागच्या दाराने. काडी मी लावतो, मग तू ये. तुझी भट्टी तुला पेटवावी लागणार नाही, माझा शब्द."